उजूला काय काय येत होतं

"पाच आणि दोन किती?" मी विचारलं.

"सात," उजू म्हणाली.

"नाही. काय म्हणायचं ठरलंय आपलं?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिने पुन्हा बोटं धरली, एका हाताची पाच, दुसऱ्या हाताची दोन. एकेक मोजलं आणि जरा मोठ्याने म्हणाली, "सातच आहे, दादा."

मी स्टुलापलीकडे बसलो होतो. स्टुलावर कोरा कागद, हातात पेन, डोळ्यांवर वाचायचा चष्मा. मी डॉक्टर झालो होतो आणि ती पेशंट.

"येत नाही, असं म्हणायचं."

"येतं मला."

"येतं गं. पण डॉक्टरांना सांगायचं नाही. म्हण, येत नाही."

"येत नाही," ती हळूच म्हणाली.

मी लगेच डबा उघडला आणि गोडीशेवेचा एक तुकडा तिच्या तळहातावर ठेवला. "शाब्बास!"

ती हसली. तिला वाटलं, नवीन खेळ आहे.

या गोष्टीला सोळा वर्षं झाली. उजू म्हणजे उज्ज्वला, आमची एकुलती मुलगी. मला ती दादाच म्हणते. तिला तेव्हा अठरावं सरत आलं होतं. लग्नानंतर अकरा वर्षांनी झाली. जन्मली तेव्हा लगेच रडली नाही. चालायला लागली साडेतीन वर्षांची झाल्यावर, बोलायला त्याच्याही नंतर. मी पाटबंधारे खात्यात पाटकरी होतो. कालव्याला पाणी सुटलं की पाळीप्रमाणे शेतांकडे जाणाऱ्या चाऱ्यांची दारं उघडायची, बंद करायची, हे माझं काम. राहायला कालव्याच्या कडेला दोन खोल्यांचं क्वार्टर. तालुक्याच्या गावी बाजारतळामागे अशा मुलांची शाळा होती. माझी बायको सुभद्रा उजूला सहाव्या वर्षापासून रोज एसटीने तिथं न्यायची आणि आणायची. बारा वर्षं. मी आपला पाण्यामागे.

शाळा अठरापर्यंतच. अठरा झाली की मुलं घरी जायची आणि मग घरातच राहायची. त्या वर्षी मुख्याध्यापिका दिघेबाईंनी एक नवीन काढलं. शाळेत तीन ते सहा वर्षांच्या लहान मुलांचा वर्ग सुरू झाला होता. न बोलणारी, मान न धरणारी, उठून बसायलाही शिकवावी लागणारी मुलं. त्या वर्गाला मदतनीस पाहिजे होती. बाई म्हणाल्या, बाहेरची बाई कशाला, आपल्याच शाळेत मोठी झालेली मुलगी का नको? त्यांनी उजूला निवडलं आणि सहा महिने शिकवलं. सतरंज्या घालायच्या, चपला ओळीत लावायच्या, ज्याला नीट गिळता येत नाही त्याला चमच्याने पेज भरवायची. थोड्याच दिवसांत एका सोमवारी शाळा चालवणाऱ्या संस्थेचे लोक तिचं काम बघायला येणार होते. त्यांना पटलं तर जूनपासून उजू कामाला लागणार होती.

"पैसे नाही दिले तरी चालतील," सुभद्रा म्हणायची. "पोरीला सकाळी उठून जायला एक जागा पाहिजे."

माझ्या डोक्यात दुसरंच होतं. मला रिटायर व्हायला नऊ महिने उरले होते. आमच्या ऑफिसातले सय्यद भाऊसाहेब, हेडक्लार्क, माझे कागद बघत होते. त्यांनी मान वर केली.

"म्हसे, पोरीचं काय केलंस?"

"काय करायचं, भाऊसाहेब?"

"तू गेल्यावर, वहिनी गेल्यावर, तिला कोण बघणार? भाऊ नाही, बहीण नाही."

या प्रश्नाने माझी झोप कित्येक वर्षं खाल्ली होती.

"डॉक्टरांच्या बोर्डाचं सर्टिफिकेट आण," ते म्हणाले. "मुलगी स्वतः कमवू शकत नाही, असं. तुमच्या दोघांच्या मागे तिला मरेपर्यंत पेन्शन चालू राहील. नोकरीत आहेस तोवर नोंद करून घे, नंतर खेटे घालशील."

"शाळेवाले तिला कामाला घ्यायचं म्हणतात."

भाऊसाहेबांनी पेन खाली ठेवलं. "मग विसर. कमवते म्हटल्यावर कोण देईल सर्टिफिकेट? आणि ती संस्था किती दिवसांची? अरे, संस्था चालते अध्यक्षाच्या मर्जीवर. सरकार चालतं शिक्क्यावर. तुझं तू बघ."

मी घरी येऊन सुभद्राला अर्धंच सांगितलं. म्हटलं, जुनं सर्टिफिकेट नवीन करायचंय, बुधवारी जिल्ह्याच्या दवाखान्यात बोर्ड बसतं, उजूला नेऊन आणतो. पुरं सांगितलं असतं तर तिने ऐकलं नसतं, हे मला माहीत होतं.

त्याच आठवड्यात तिची चुलती वारली. सुभद्राची आई सारखी आजारी, म्हणून त्या चुलतीनेच तिला वाढवलं होतं. दहावा त्या सोमवारच्या आदल्या सोमवारी आला आणि तेरावा गुरुवारी. सुभद्रा जायला तयार नव्हती.

"उजूला सोडून रात्रीची कधी राहिले नाही मी. आणि पुढच्या सोमवारी तिचं ते आहे."

"पुढच्या सोमवारी आहे ना? मग? जा तू. लोक काय म्हणतील? जिनं वाढवलं तिच्या दहाव्याला नाही आली."

"तिला जमेल का माझ्याशिवाय?"

"मी आहे ना."

"तुम्ही!" ती म्हणाली. "तुम्हाला चारीचं दार उघडता येतं. भात लावता येतो का?"

"तेवढं जमतं."

"नाही जमलं तर उजूला सांगा. ती लावील."

मी हसलो. मला वाटलं, थट्टा करते. रविवारी दुपारच्या गाडीने ती गेली. बुधवारी संध्याकाळी येते म्हणाली, तेराव्याला थांबत नाही.

रविवारी संध्याकाळीच उजूने भात लावला. तांदूळ निवडले, धुतले, बोटाच्या पेराने पाणी मोजलं, कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्यावर गॅस बंद केला. मी दारात उभा राहून बघत होतो. मी विचारलं, "हे तुला कधीपासून येतं?" ती म्हणाली, "आधीपासून."

तसंच पुढचे दोन दिवस झालं. मी शिकवणीला बसायचो आणि मला कळायचं की हिला हेही येतं. तिला आमच्या गावाची एसटी ओळखता यायची, पाटीवरचं पहिलं अक्षर बघून. तिला वार येत होते. सुभद्राच्या मोबाईलचा नंबर तिला तोंडपाठ होता. मला नव्हता. दहाची नोट दिली तर किती परत यायला हवेत ते ती सांगायची, जरा वेळाने, पण बरोबर. मी एकेक विचारायचो, ती आनंदाने सांगायची, कारण मी तिला कधी काही विचारलं नव्हतं. आणि प्रत्येक उत्तरानंतर मी म्हणायचो, "हे सांगायचं नाही. म्हण, येत नाही."

शिकवायची रीत मी शाळेतच ऐकली होती. पालकसभेला मी एकदाच गेलो होतो, पण दिघेबाईंचं बोलणं लक्षात राहिलं होतं. एका वेळी एकच गोष्ट. पुन्हा पुन्हा. रागवायचं नाही. जमलं की लगेच शाबासकी, लगेच हातावर काहीतरी. आणि जिथं करायचंय, तिथल्यासारखीच मांडामांड करून शिकवायचं, म्हणजे मुलाला तिथं गेल्यावर आठवतं. म्हणून स्टूल, म्हणून कागद, म्हणून पेन. रविवारी रात्री तिला पटत नव्हतं. सोमवारी संध्याकाळी दहातल्या सहा वेळा ती "येत नाही" म्हणायला लागली. मंगळवारी मी पेन हातात घेऊन समोर बसलो की बास. नाव विचारलं तरी "येत नाही."

लोक म्हणायचे, म्हस्यांची पोरगी शिकायला जड आहे. तीन दिवसांत शिकली.

बुधवारी आम्ही पहाटेच्या गाडीने निघालो. दवाखान्याच्या व्हरांड्यात रांग होती. आमचा नंबर सत्तावीस. शेजारी एक बाई चार-पाच वर्षांच्या मुलाला मांडीवर धरून बसली होती. मुलगा सारखा अंग टाकून ओरडत होता, लाळ गळत होती. ती बाई रडकुंडीला आली होती.

उजू उठली. मला काही न विचारता तिने आपल्या ओढणीने त्या मुलाचं तोंड पुसलं. त्याच्यासमोर खाली उकिडवी बसली आणि हात वर करून म्हणाली, "वर." मग हात खाली करून, "खाली." पुन्हा वर, पुन्हा खाली. एका लयीत. मुलगा ओरडायचा थांबला आणि तिच्या हातांकडे बघायला लागला. मग तिने त्याचे दोन्ही हात धरले आणि त्याच्याकडून करून घेतलं. वर. खाली. मुलगा हसला.

"बाई गं," त्याची आई म्हणाली, "सकाळपासून पहिल्यांदा शांत झाला. कुठं शिकलीस गं हे?"

बोर्डाच्या खोलीचं दार उघडंच होतं. आतून एक डॉक्टरीण बाहेर बघत होती, असं मला वाटलं. बघतही नसेल. पण मला वाटलं.

मी उजूचा दंड धरला आणि तिला ओढून बाकावर बसवलं. तिच्या कानाशी म्हणालो, "येत नाही."

"त्याला रडू येतंय."

"येत नाही म्हणायचं. इथं काहीच करायचं नाही. हात मागे घे."

"अहो, राहू द्या की," ती बाई म्हणाली. "चांगलं करत होती पोरगी."

मी तिकडे बघितलं नाही. मुलगा पुन्हा ओरडायला लागला. उजूने दोन्ही हात पाठीमागे घेतले. मी पिशवीतल्या डब्यातून शेव काढून तिच्या तोंडात घातली.

आत तीन डॉक्टर होते. त्यांच्यातली ती तरुण डॉक्टरीण फार चांगली होती. तिने उजूला बाळ म्हटलं, रंगीत ठोकळे दिले, नाणी ओळखायला दिली, घाई केली नाही. उजू टेबलासमोर हात मागे घेऊन बसली आणि प्रत्येकाला म्हणाली, "येत नाही." डॉक्टरीण मला म्हणाली, "शाळेत जाते ना? मग इतकंसुद्धा नाही?" मी म्हटलं, "जाते, पण काही उपयोग नाही, मॅडम. आमच्या मनाचं समाधान."

बारा वर्षं एसटीने जाणाऱ्या बायकोबद्दल मी हे बोललो.

संध्याकाळी सुभद्रा परत आली. रात्री उजूच्या केसांना तेल लावताना म्हणाली, "गप्प का गं? दादांनी त्रास दिला?" उजू म्हणाली, "शेव दिली." सुभद्रा हसली. घरात उजू पुन्हा पहिल्यासारखी झाली. भात लावत होती, नंबर सांगत होती. मला वाटलं, झालं ते तिथंच राहिलं.

सोमवारी आम्ही दोघंही शाळेत गेलो, कारण पालकांची सही लागणार होती. सुभद्राने ठेवणीतलं लुगडं काढलं होतं. उजूला नवा ड्रेस, पिवळा. संस्थेचे लोक यायच्या आधी अर्धा तास तिने जे काम केलं ते मी भिंतीशी उभा राहून बघितलं. सतरंज्या घातल्या. आलेल्या मुलाची चप्पल काढायची, त्याला धरून जागेवर न्यायचं. आफरीन नावाची एक लहान मुलगी होती, तिची मान एका बाजूला पडायची. ती उजूला बघून दोन्ही हात पुढे करायची. तिला बोलता येत नव्हतं, पण "ता, ता" करायची. ताई म्हणत होती.

"बघितलं का?" सुभद्राने मला कोपराने ढोसलं. "बघा डोळे भरून. तुमचं पाणी रोजच आहे."

मग लुंकडशेठ आले. ते अध्यक्ष, कापडाचे व्यापारी, भला माणूस. त्यांच्याबरोबर कमिटीतल्या एक बाई. त्यांच्यासाठी वर्गाच्या कडेला टेबल मांडलं होतं. शेठ खुर्चीवर बसले, चष्मा लावला, समोर कागद घेतला आणि खिशातून पेन काढलं.

"बाळ, इकडे ये. नाव काय तुझं?"

उजू टेबलासमोर आली. तिने शेठच्या पेनकडे बघितलं. मग मान वळवून माझ्याकडे बघितलं. दोन्ही हात पाठीमागे घेतले.

"येत नाही," ती म्हणाली.

दिघेबाई हसल्या. "अगं, नाव सांग ना तुझं. उज्ज्वला. लाजतेय, शेठ."

"येत नाही."

"बरं, नावाचं राहू दे," कमिटीतल्या बाई म्हणाल्या. "ही छोटी बघ, हिला पेज भरवून दाखव."

बाईंनी वाटी-चमचा पुढे केला. आफरीनने दोन्ही हात वर केले. ता, ता. तिने उजूची ओढणी धरली. उजू खाली वाकली नाही. हात तसेच पाठीमागे. "येत नाही. येत नाही." आफरीन रडायला लागली. दिघेबाईंनी पुढे होऊन पुन्हा सांगितलं, समजावलं, स्वतः चमचा तिच्या हातात द्यायला गेल्या. हात काही पुढे येईना.

सुभद्रा माझ्या शेजारी उभी होती. तिचा श्वास मला ऐकू येत होता.

मग उजू सगळ्यांना सोडून माझ्याकडे चालत आली. माझ्यासमोर उभी राहिली, हसली आणि उजवा तळहात पुढे केला.

तिने सांगितल्याप्रमाणे केलं होतं. तिला शेव पाहिजे होती.

सगळे आमच्याकडे बघत होते. मी तो हात माझ्या हातात घेतला आणि दुसऱ्या हाताने तिची पाठ थोपटली. कमिटीतल्या बाई हळू आवाजात म्हणाल्या, "वडिलांचा लळा दिसतो."

दिघेबाई माझ्याजवळ आल्या. त्यांचा चेहरा पडला होता. "म्हसेभाऊ, हे काय झालं? गेल्या पंधरवड्यात मी स्वतः बघितलंय, एकटीने चार मुलं सांभाळली हिने. मधे काही झालं का? ताई, घरी काही?"

सुभद्रा माझ्याकडे वळली. "दवाखान्यात नेलं होतं ना तुम्ही. तिथं कोणी घाबरवलं का तिला?"

तेव्हा बोलता आलं असतं. अवघड काही नव्हतं. शेठ, हे मी शिकवलंय, तिचा दोष नाही, पेन खिशात ठेवा आणि बाजूला उभं राहून बघा. पाच मिनिटांत उजूने भरवून दाखवलं असतं. पण मग ते सर्टिफिकेट गेलं असतं. कदाचित खात्यात माझ्यावर ठपका आला असता. आणि तिथं एवढ्या माणसांत, माझ्या बायकोसमोर, मी काय केलं ते सांगावं लागलं असतं.

मी म्हटलं, "दवाखान्यात काय होणार? ही तीन दिवस नव्हती ना घरी. दहाव्याला गेली होती. तेव्हापासून पोरगी मधेच अशी होते."

दिघेबाईंनी सुभद्राकडे बघितलं. शेठनीही बघितलं.

"असं होतं," कमिटीतल्या बाई म्हणाल्या. "या मुलांना आई एकदम दिसेनाशी झाली की मागे पडतात."

सुभद्राने पदर तोंडाला लावला.

दिघेबाईंनी अजून एक महिना मागितला. शेठ म्हणाले, "बाई, माझी काही ना नाही हो. पण लहान मुलांचा जीव आहे. आई दोन दिवस गावाला गेली आणि हिने हात मागे घेतले, तर?" बोलणं चूक नव्हतं. जूनमध्ये गावातली एक बाई मदतनीस म्हणून लागली.

सर्टिफिकेट महिन्याभरात पोस्टाने आलं. सुभद्रा चौथी शिकलेली होती. तिने ते आतल्या खोलीत बसून बोट फिरवत वाचलं. मला वाटलं, आता पेटेल. बारा वर्षं कोणी तिच्यासमोर उजूला काही येत नाही म्हटलं की ती भांडायची. मास्तरांशी भांडली होती, माझ्या आईशी भांडली होती. कागदाची घडी घालून तिने मला परत दिला.

"खरंच लिहिलंय म्हणायचं," ती म्हणाली.

त्या दिवसानंतर सुभद्रा एक रात्रही उजूला सोडून राहिली नाही. भावाच्या मुलीच्या लग्नाला सकाळच्या गाडीने गेली, अक्षता पडल्या तशी न जेवता निघाली. तिची आई वारली तेव्हा माती झाल्यावर तासाभरात परत फिरली. भाऊ स्टँडपर्यंत मागे आला. "अक्का, आजची रात्र तरी थांब. आईची रात्र आहे." ती म्हणाली, "एकदा थांबले होते रे." त्यानंतर भावाने बोलावणं हळूहळू सोडलं. लोक म्हणायचे, सुभद्राला माहेर नकोसं झालंय. मी ऐकायचो.

मला वाटायचं, सांगू. एक वर्ष वाटलं. मग उशीर झाला, असं वाटायला लागलं. आणखी दोन वर्षं गेल्यावर वाटलं, आता सांगून तिला दुखवायचं कशाला. असं मी माझं बघत गेलो.

उजू घरात राहिली. आईच्या मागे मागे. पहिलं वर्षभर सकाळी आठला पिवळा ड्रेस घालून दारात बसायची. मग तो तिला होईना.

मागच्या पौषात सुभद्रा गेली. पोटाचा आजार, चार महिन्यांत संपलं. शेवटच्या आठवड्यात तिचं बोलणं कमी झालं होतं. एका दुपारी मला जवळ बोलावलं. म्हणाली, "तुम्ही कुठं रात्रीचे राहू नका. उजूला सोडून. मी राहिले आणि तिचं वाटोळं केलं."

माझ्या हातात पाण्याचा पेला होता. मी म्हटलं, "नाही राहणार."

एवढंच बोललो मी.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी दिघेबाई आल्या. त्या रिटायर झाल्या आहेत, गुडघे धरून चालतात. उजूने त्यांना ओळखलं, चहा केला, कप पुढे ठेवला आणि आत जाऊन भांडी लावायला लागली. बाई तिच्याकडे बघत राहिल्या.

"सुभद्राताई भेटली की एकच म्हणायची, बाई, चूक माझी," दिघेबाई म्हणाल्या. "मी सांगायचे, असं नसतं हो. तिला पटायचं नाही. मलासुद्धा आजपर्यंत कळलं नाही, त्या दिवशी झालं काय. इतकी मुलं शिकवली, असं कधी बघितलं नाही."

मी त्यांना सांगितलं. स्टूल, पेन, शेव, दवाखान्यातलं ते मूल. तुमचीच रीत वापरली, हेही सांगितलं. मधे थांबलो नाही. सोळा वर्षांत पहिल्यांदा हे तोंडातून निघत होतं आणि निघायला लागल्यावर पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

बाईंचा चहा तसाच राहिला. मला वाटलं, शिव्या देतील. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मला कशाला सांगताय, म्हसेभाऊ?" शेवटी त्या म्हणाल्या. "मी कोण? जिला सांगायचं ती गेली. आणि एक ती आत आहे."

"तिला काय कळणार, बाई?"

हे बोललो आणि माझं मलाच ऐकू आलं. बाई उठल्या, चपला घातल्या आणि गेल्या. मी त्यांना स्टँडपर्यंत सोडायलाही उठलो नाही.

मग मी उजूला हाक मारली. ती हात पुसत आली. चौतिसावं चालू आहे तिला, कानाशी केस पिकले आहेत. मी तिला समोर बसवलं.

"उजू, तुला शाळेतली आफरीन आठवते?"

"ता," ती लगेच म्हणाली.

"तिला तू पेज भरवायचीस. तुला येत होतं ते. सगळं येत होतं. मी तुला येत नाही म्हणायला लावलं. म्हणून तुला शाळेत घेतलं नाही. तुझी चूक नव्हती. आईची पण नव्हती. माझी होती."

ती ऐकत होती. तिला ऐकलेलं आत जायला वेळ लागतो, हे मला आता माहीत आहे. मी थांबलो.

"आईला सांगितलं?" तिने विचारलं.

"नाही."

"का?"

मी खाली बघितलं. ती तशीच बसून राहिली, माझ्या तोंडाकडे बघत. मग ती उठली, बाईंचा थंड झालेला चहा मोरीत ओतला आणि कप धुवायला घेतला.